घाटंजीचा बाजार आणि कवटीचं चित्र

घाटंजीला जाणार असाल तर बाजाराच्या दिवशी जा, असं मी विचारेल त्याला सांगतो. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तो साठच्या दशकात, पोळा आटोपल्यावर, आणि हौसेनं नव्हे तर साहेबांनी पिटाळलं म्हणून. यवतमाळला शेती-औषधांच्या गोदामात मी नवा कारकून होतो. कपाशीवर फवारायची जहरं तेव्हा नुकती खेड्यांत पोचत होती. डब्यांवरच्या खुणा लोकांना समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

एसटीला दोन-अडीच तास लागले. बाहेर कपाशी, मग सागाचं रान, पुन्हा कपाशी. रस्ता असा की हाडं मोजून घ्यावीत. मांडीवरची तक्त्याची गुंडाळी पाहून शेजारच्या बाबांनी विचारलं, "नकाशा हाये का?"

"नाही बाबा, जहराची माहिती आहे."

बाबा गुपचूप दुसऱ्या बाकावर गेले आणि मला ऐसपैस जागा मिळाली.

बाजारात लिंबाच्या झाडाला तक्ता टांगला. ज्वाळेचं चित्र म्हणजे पेट घेणारं, ते चुलीपासून लांब. हातावर पडणारा थेंब म्हणजे कातडी जाळणारं. कवटी म्हणजे विष. "कवटी दिसली की त्या डब्यात खायचं काही ठेवायचं नाही!" मी गरजलो.

"अन् कवटी नसन तं?" शांतावहिनीनं विचारलं. तिच्याच घरी माझा मुक्काम होता. नवरा नामदेव एका शेतावर फवारणीला जायचा.

"मग कायले भ्यायचं?" मी वऱ्हाडीत ठोकून दिलं. लोक हसले. मीही फुगलो.

सकाळी निघायच्या आधी वहिनीनं न्याहारीला बसवलं. गरम भाकरी, अंबाडीची भाजी आणि तिखटावर घालायला जवसाचं ताजं तेल. तिची दोन लेकरं माझ्याशेजारी ताटं घेऊन बसली. वहिनी तेल वाढायला आली तो डबा आरशासारखा चकचकीत होता.

"नवा घेतला का?"

"नाई भाऊ. यायनं शेतावरून आणला होता. महिनाभर अंगणात पडून होता, त्या कवटीच्या भेवानं हात लावला नाई. काल तुमी सांगतलं, मंग राखेनं घासघासून कागद काढला. आता नाई ना कवटी?"

मी लेकरांची ताटं ओढून घेतली. नशीब, एकाच्याही ताटात अजून थेंब पडला नव्हता. मग सांगितलं की विष पत्र्यात मुरतं, राखेनं जात नाही, आणि काल मी चुकीचं बोललो.

वहिनी रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं डबा उचलला, विहिरीपासून लांब खड्डा खणला आणि दोन महिन्यांचं तेल त्यात ओतून दिलं.

"चला भाऊ," ती म्हणाली. "काल तिथं लय बाया होत्या. त्यायनंबी घासले असन."

आम्ही घरोघर गेलो. बोलायचं काम तिनंच केलं, मी मान खाली घालून मागे. पाच घरांत तसेच लखलखीत डबे निघाले. प्रत्येकाला तिनं दगडानं भोकं पाडली. दुपारच्या गाडीला सोडायला आली तेव्हा पुरचुंडीत भाकरी बांधून दिली. "जय भीम, भाऊ. पुन्हा येजा," एवढंच म्हणाली.

तिचे उपकार मी आजही मानतो, आणि त्याचं कारण घाटंजीत नाही, घरी कळलं. आई चुलीशी बसली होती. वरच्या फळीवर गूळ, डाळ, मीठ आणि पीठ, चार लखलखीत डबे. गोदामातले रिकामे डबे मीच एकेक करून आणले होते आणि आईनं राखेनं घासले होते. कशात आधी काय होतं, हे आता कुणालाही सांगता येणार नव्हतं.

"काहून असा पाहून राह्यला?" आईनं विचारलं.

मी आधी पिठाचा डबा खाली काढला.