गादीला ऊन

आमच्या डबिंग स्टुडिओत त्यांना सगळे मापारी म्हणायचे. पूर्वी धान्य मापून देणारे असत, तसे हे शब्द मापून देत. परदेशी चित्रपटातलं पात्र जेवढा वेळ तोंड हलवतं, तेवढ्याच वेळात बसेल असं आपलं वाक्य लिहायचं, हा त्यांचा धंदा. प, फ, ब, भ, म ही त्यांची दुष्मन अक्षरं. ती म्हणताना ओठ मिटतात, आणि पडद्यावर तोंड उघडं असताना मिटल्या ओठांचं अक्षर आलं की शेंबडं पोरही ओळखतं. चोवीस वर्षं ते माझ्या शेजारी, रेकॉर्डिंगच्या काचेमागे, हातातल्या आरशात स्वतःचे ओठ बघत बसले. माणूस भित्रा. हॉटेलात चहा गार आला तर गारच प्यायचे, वर बरा होता म्हणायचे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे लोकांनी त्यांना वाघ करून टाकलं.

चित्रपट लहान मुलांचा, कार्टूनचा. एक म्हातारं अस्वल अंथरुणातून उठत नाही आणि एक खार त्याला उठवते. नेमकं तिथे खारीचं तोंड सताड उघडं. बिछान्यात ब आडवा आला, पलंगात प, अंथरूण लांबलचक. मापारींनी दोन दिवस डोकं फोडलं आणि शेवटी घरचंच वाक्य उचललं. दर रविवारी वहिनी त्यांना जे म्हणून उठवायच्या तेच: "किती वर्षं झाली, उठा आता. गादीला ऊन दाखवू द्या." ओठ कुठेच मिटत नाहीत. घरी जाऊन त्यांनी वहिनींना सांगितलं, तर त्या दिवसभर लाजत होत्या म्हणे.

आता आमच्याकडे तेव्हा जे गादीवर बसले होते, त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. पहिल्याच आठवड्यात थिएटरात पोरांच्या आधी बाप हसायला लागले. मग पेपरात एक लांबलचक लेख आला. अस्वल कोण ते सांगायला नको, खार म्हणजे जनता, बर्फ म्हणजे महागाई. मधमाश्यांनाही सोडलं नव्हतं. ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागतं, या शहाण्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. भिंतींवर 'गादीला ऊन दाखवा' झळकलं. अनोळखी माणसं रस्त्यात मापारींचा हात धरून म्हणायची, तुम्ही बोललात. ते म्हणायचे, अहो, ती गादी खरंच गादी आहे. यावर लोक डोळा मारायचे.

मग चित्रपटांना परवानगी देणाऱ्या कचेरीतून मालकांना निरोप आला, की खुलासा होईपर्यंत मापारींनी लिहिलेलं काहीही पास होणार नाही. मालक म्हणाले, निस्तरून या, तुमची जागा ठेवतो. दुसरं कुठलंही काम त्या माणसाला येत नव्हतं, आणि वय बावन्न.

साक्षीला मी गेलो. साहेब सभ्य होते, आधी पाणी मागवलं. मापारींनी खिशातून आरसा काढला. ब म्हणून दाखवला, प म्हणून दाखवला, मग गादी. साहेबांचेही ओठ नकळत हलले. मला वाटलं, सुटलो. रेकॉर्डिंगच्या वेळी कुणाच्याच मनात दुसरा अर्थ आला नाही का, असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणालो. माझ्या मनात आला होता. पण वाक्य छान बसलं होतं आणि मला घरी जायचं होतं, म्हणून मी गप्प बसलो होतो. याची लाज मला आजही वाटते.

"तुमचं पटतंय मला," साहेब मापारींना म्हणाले. "पण तुम्हाला काही म्हणायचंच नव्हतं, तर माफी कशाची मागणार? आणि माफीच नाही, तर माफ कसं करू? माझ्याकडे हा एवढाच फॉर्म आहे."

फॉर्मवर छापलं होतं, की हे मी जाणूनबुजून केलं, चूक झाली. खाली दोन रिकाम्या ओळी होत्या, त्या साहेबांनी सांगितल्या तशा मापारींनी भरल्या. काम हवं होतं, म्हणून सही केली.

चार दिवसांनी तो कागद पेपरात छापून आला. मालक म्हणाले, ज्यानं स्वतःच कबूल केलं त्याला आता कुठल्या तोंडानं ठेवू? हात धरणारे रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. शेपूट घातलं, म्हणाले. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. मला दोन्ही बाजूंचा सारखाच संताप येतो, पण माझ्या संतापाला विचारतो कोण?

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. मापारी आतल्या खोलीत बसले होते. नुसतं या म्हणाले. निघताना वहिनी दारापर्यंत आल्या.

"भावजी, यांनी काय लिहून दिलंय वाचलंत ना? हे वाक्य माझ्या एकट्याच्या डोक्यातून आलं, म्हणे. मला वाचवायला लिहिलं असेल, कळतं मला. पण सत्तावीस वर्षांत माझं बोलणं यांनी कधी कशात धरलं नव्हतं. एक वाक्य धरलं, ते सरकारजमा झालं. आता मी नुसतं तोंड उघडलं तरी..."

आतून खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला, तशा त्या थांबल्या.