लिंबूपाण्यावरचा सर्व्हिस चार्ज

भावाचा फोन आला तेव्हा मी दुकानात हरभऱ्याच्या बियाण्याचं बिल करत होते. रिसोडजवळच्या मालेगावात आमचं कृषी केंद्र आहे. माल नवरा पाहतो, बिलं आणि कराचं मी. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या आणि भाऊ म्हणत होता, "आईला अन् तुझ्या पोरीला घेऊन पुण्याला ये. इथून जवळच मोठं थीम पार्क आहे. तिकिटं सगळ्यांची मी काढतो."

"मग जेवण माझ्याकडे," मी म्हटलं.

थोडी ओढाताण झाली, मग तो कबूल झाला. भाऊ मोठ्या कंपनीत आहे, त्याला जड नव्हतं. पण माहेरच्या माणसाच्या खिशावर फिरून यायचं मला जमत नाही. शिवाय दुकान धरून बसायचं असल्यामुळे नवरा येणार नव्हता. म्हणजे घरातून निघण्याआधी किती पैसे लागतील ते मलाच ठरवायचं होतं.

पार्कची वेबसाइट उघडली. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, हसणारी माणसं, तिकिटाचे भाव, सगळं होतं. खाण्याच्या पानावर नुसती रंगीत ताटं. भाव कुठेच नाही. मी फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, रेट तुम्हाला रेस्टॉरंटमध्येच कळतील."

"अहो, पण अंदाज तरी? सहा माणसं आहोत."

"तो आल्यावरच कळेल, मॅडम."

"बरं, घरचा डबा आणला तर?"

"बाहेरचं अन्न चालत नाही."

"माझ्या आईला शुगर आहे. तिला वेळेवर तिचंच खावं लागतं."

"मेडिकल कारण असेल तर चालतं, मॅडम."

तेवढं एक वाक्य मी धरून ठेवलं. बाकी डोकं तापलं होतं. आमच्या दुकानात कोणी खताचा भाव विचारला आणि मी म्हटलं, आधी पोतं गाडीत टाका, मग सांगते, तर दुसऱ्या दिवसापासून तो माणूस समोरच्या दुकानात दिसेल. इथे मात्र माणसं दीडशे कोसांवरून येतात, आत शिरतात, दार लागतं आणि मग भाव कळतो. हे चुकून होत नाही. कोणीतरी बसून ठरवलेलं असतं.

लोकांनी इंटरनेटवर टाकलेल्या फोटोंत एका टेबलावरचं मेन्यूकार्ड अर्धं दिसत होतं. ते मोठं करून पाहिलं. फोटो जुना होता म्हणून भाव वाढवून धरले. त्यावर पाच टक्के जीएसटी. मग सर्व्हिस चार्ज. तो लावतील असं गृहीत धरलं, आणि त्याच्यावरही जीएसटी लागतो म्हणून तोही. पाण्याच्या बाटल्या, पोरांचं आइस्क्रीम, संध्याकाळचा चहा, वाढणाऱ्याला हातात द्यायला थोडे वेगळे. नवरा हसला. "तू जेवाले चालली का टेंडर भराले?" पण पैसे त्याने मोजून दिले, वर थोडे जास्तच.

पार्कला जायच्या दिवशी पहाटे आईने भावाच्या स्वयंपाकघरात दशम्या केल्या. ज्वारीच्या, दुधात मळलेल्या. सोबत जवसाची चटणी घरूनच आणली होती. वहिनी म्हणाली, "आई, आत सगळं मिळतं हो." आई म्हणाली, "मिळत अशीन बाई. पण माह्या पोटाले हेच मानवते." सकाळी चहाबरोबर थोडं खाऊन तिने शुगरची गोळी घेतली आणि आम्ही निघालो.

फाटकावर पिशव्या तपासायला हातमोजे घातलेली एक पोरगी होती. तिने फडकं सोडलं, दशम्या पाहिल्या आणि म्हणाली, "हे आत जाणार नाही."

मी फोनवर काय सांगितलं होतं ते सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरचं पत्र दाखवा."

पत्र कुठून आणणार? मी गोळ्यांची पट्टी दाखवली. "गोळ्या चालतील. डबा नाही."

आई मध्ये आली. "माय, हे लेकरायसाठी नाई. मले शुगर हाये, म्हणून."

पोरीने मान हलवली आणि शेजारच्या निळ्या पिंपाकडे बोट केलं. पिंप भरत आलं होतं. केळी, पुऱ्या, चिवड्याच्या पिशव्या, कोणाचा तरी दहीभात. मी भावाला म्हटलं, "गाडीत ठेवून ये." तो म्हणाला, "अगं, पार्किंग कुठे राहिलं. परत रांग लावावी लागेल. आत घेऊ ना काहीतरी." मागची माणसं ढकलत होती. मी त्या पोरीशी अजून बोलणार होते, तेवढ्यात आई स्वतःच पिंपापाशी गेली. तिने दशम्या वरच्या वर ठेवल्या, फेकल्या नाहीत, आणि रिकामं फडकं घडी करून पदराखाली धरलं. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. अन्न टाकायला लावतात, आणि कोणाला? जिने उभ्या आयुष्यात ताटात शीत टाकलं नाही तिला.

आत गेल्यावर भाऊ, वहिनी आणि दोन्ही पोरं, त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी, पाळण्यांकडे गेली. मी आईला घेऊन रेस्टॉरंटच्या बाहेर सावलीत बसले. ते अजून उघडायचं होतं. थोड्या वेळाने आई बोलता बोलता गप्प झाली. पाहते तर कपाळावर घाम, बोटं थरथरताहेत. "मले कसंतरीच होऊन राह्यलं," ती म्हणाली. मी पर्स उपसली. तिची शुगर उतरली तर द्यायला साखरेची पुडी मी नेहमी ठेवते, ती सकाळी वहिनीच्या ओट्यावर राहिली होती. उठून काचेचं दार बडवलं.

आत टेबलं मांडणारा एक माणूस होता, चाळिशीचा, पांढऱ्या शर्टावर काळं जाकीट. त्याने एकदा आईकडे पाहिलं आणि दार उघडलं. खुर्ची ओढली. धावत जाऊन साखर घातलेलं लिंबूपाणी आणलं. "घ्या मावशी. हळूहळू प्या." मग आतून स्वतःच्या डब्यातली पोळी आणून तिच्या हातात दिली. "हे खा त्याच्यावर."

आईने दोन घोट घेतले आणि त्याचं बोलणं ऐकून विचारलं, "कुठले तुमी?"

"रिसोडकडचा, मावशी."

"अरे, आमी मालेगावचे."

तो हसला. आधी ऊसतोडीला जायचा, मग ओळखीने इकडे लागला, बायको पार्कमध्येच झाडलोटीला होती. आईचा रंग हळूहळू परत आला. मी त्या माणसाकडे पाहत होते आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. कामाच्या माणसांचा डबा आत येतो, हे बरंच आहे. मग माझ्या आईचा डबा पिंपात का?

दुपारी सगळे जेवायला जमले. मी भावाला झालेलं सांगितलं, तो घाबरला, आईच्या पाठीवरून हात फिरवला. जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पोरं पोटभर जेवली. मग त्याच रिसोडच्या माणसाने बिल आणलं.

माझा अंदाज फार चुकला नव्हता. भाव मी धरले होते त्याच्या आसपासच. सर्व्हिस चार्ज दहा टक्के, तोही धरला होता. कर बरोबर. पण मध्ये एक ओळ होती, फ्रेश लाइम, एक. आणि त्या लिंबूपाण्यावरही सर्व्हिस चार्ज.

मी हळूच विचारलं, "दादा, हा चार्ज तुमाले भेटते काय?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. "नाई ताई. पगार भेटते, तेवढाच."

"मग मॅनेजरला बोलवा."

मॅनेजर आला. तरुण, टाय लावलेला, हिंदीत बोलणारा. मी म्हटलं, सर्व्हिस चार्ज काढा, तो द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं असतं. तो म्हणाला, "मॅडम, हमारी पॉलिसी है. मेन्यू में लिखा है."

"लिहिल्याने सक्ती होत नाही. काढा."

"सब लोग देते हैं, मॅडम."

"ते त्यांचं झालं. आणि हे लिंबूपाणी कशाचं लावलं? माझी आई तुमच्या दारात कोसळायच्या बेतात होती. तिचं अन्न तुम्ही पिंपात टाकायला लावलं म्हणून."

त्याचा चेहरा हलला नाही. त्याने मान वळवून त्या माणसाकडे पाहिलं आणि विचारलं, "खुलने से पहले लाइम किसने दिया?"

 ते लिंबूपाणी मी लढून सोडवलं असतं तर कोणाच्या पगारातून गेलं असतं, ते त्या नजरेत स्पष्ट दिसत होतं. "मी मागितलं होतं," मी म्हटलं. "त्याचे पैसे देते. सर्व्हिस चार्ज देणार नाही."

शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. भाऊ टेबलाखालून माझा पाय दाबत होता. वहिनी मोबाइलमध्ये पाहत होती. शेवटी मॅनेजर गेला आणि दुसरं बिल छापून आणलं. मी पैसे ठेवले. वाढणाऱ्यासाठी म्हणून वेगळ्या धरलेल्या नोटा मुठीत घेऊन मी त्या माणसापाशी गेले. तो भांडी उचलत होता, वर न बघता म्हणाला, "देऊ नका ताई. वर कॅमेरा हाये." मूठ तशीच पर्समध्ये परत गेली. माझा दिवस तिथेच संपला. उरलेले पाळणे मी पाहिले पण नाहीत.

परत येताना गाडीत वहिनी सहज म्हणाली, "बरं झालं यांनी ते मिटवलं. नाहीतर किती ऑकवर्ड."

"काय मिटवलं?"

भाऊ समोर बघत गाडी चालवत होता. तो म्हणाला, "तू आईला हात धुवायला घेऊन गेली होतीस तेव्हा मी फोनवरून देऊन टाकला तो चार्ज. मॅनेजरला सॉरी म्हटलं. एवढ्याशा पैशासाठी वाद कशाला?"

 मी म्हटलं, "सॉरी? तू त्याला सॉरी म्हटलंस?"

"मग काय करू? लोकं पाहत होते." आणि एकदम त्याची पुण्याची भाषा गळून पडली. "काहून लोकायसमोर तमाशा करून राह्यली होती? माह्या ऑफिसचे लोकं येतात तिथं."

"आईचं अन्न पिंपात गेलं तेव्हा तुले लोकं नाई दिसले?"

"तुले पैसे पाह्यजे होते तर मले मागायचे."

हे त्याने म्हणायला नको होतं. पैसे मी धरूनच आणले होते, पर्समध्ये होते, त्याला माहीत होतं. मी गाडी थांबवायला सांगितली. त्याने थांबवली नाही. मागे माझी पोर रडायला लागली, तेव्हा आई म्हणाली, "गप बसा दोघंही. मी मेली नाई अजून."  दुसऱ्या दिवशीच्या ट्रॅव्हल्सने आम्ही मालेगावला परत आलो.

आठवडा गेला तरी माझा राग उतरेना. मॅनेजरवरचा उतरला असता एक वेळ. तो नोकर माणूस, त्याला वरून सांगितलेलं. भावावरचा उतरत नव्हता. मी ग्राहकांच्या तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर सगळं लिहिलं. फाटकावरचा डबा, आईची तब्येत, काढलेला चार्ज नंतर माझ्या भावाकडून घेतला ते. त्या माणसाबद्दल एक शब्दही लिहिला नाही. नवरा म्हणाला, "काही होणार नाई." मला होण्याशी घेणंदेणं नव्हतं. मला ते कुठेतरी लिहिलेलं हवं होतं.

महिनाभराने पार्कचं उत्तर आलं. गैरसोयीबद्दल खेद. अन्नाचा नियम पाहुण्यांच्या आरोग्यासाठी. सर्व्हिस चार्ज परत करत आहोत. तो ज्या खात्यातून भरला त्यात परत गेला, म्हणजे भावाच्या. त्या संध्याकाळी त्याने बँकेच्या मेसेजचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "आले. झालं समाधान?"

मी दुकानात होते. समोर माणसं उभी होती. मी फोन उलटा ठेवला आणि पुढच्या बिलाला लागले. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.