तेराव्याआधी द्यायचा फोटो

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. येरमाळ्यात महामार्गालगतच्या फ्रेमच्या दुकानात दीपमाला एका अनोळखी बाईचं नाक काढते आहे. बाई आठवड्यापूर्वी वारल्या. दीपमालासमोर त्यांचं आधार कार्ड आहे, त्यावर नखाएवढा चेहरा. सोबत मुलाचा मोबाइलवर आलेला निरोप: कुंकू मोठं पाहिजे, सुरकुत्या नकोत.

दीपमाला अठरा वर्षांची आहे. दुकान तिच्या वडिलांचं, आण्णासाहेबांचं. पूर्वी तिथं फक्त गावच्या येडेश्वरी देवीचे फोटो फ्रेम करून मिळत. आता दारावर दुसरी पाटी आहे: ‘मयत व्यक्तीचे हस्तचित्र काढून मिळेल’.

याची सुरुवात शेजारच्या कस्तुराबाईंपासून झाली. दीपमाला शाळेत असताना ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या कस्तुराबाईंना समोर बघून तिनं कागदावर उतरवलं होतं. वर्षभरानं त्या गेल्या. घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता, म्हणून मुलगा ते चित्र मागून घेऊन गेला. तेराव्याला बायका म्हणाल्या, म्हातारी आता बोलती का काय. आण्णासाहेबांनी ते ऐकलं. महिनाभरात पाटी लागली, आणि खालून दिवा लागणारी काचेची पेटी आली. काचेवर फोटो ठेवायचा, वर कागद, आणि गिरवायचं.

“मला हे नको, आण्णा. मी बघून काढते.”

“डोळं कशाला फोडून घेतीस? चांगली सोय केलीय की.”

शाळेतल्या चित्रकलेच्या सोमलिंग सरांनी बारावीत तिला चित्रकला महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसवलं. समोर ठेवलेली वस्तू पाहून काढायची, असा एक पेपर त्यात असतो. तिनं घागर, कांदे, चपला काढून वह्या भरल्या. एसटी स्टँडवर बसून माणसं काढली. परीक्षा गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी, लातूरला. आण्णासाहेबांनी अर्जावर खुशीनं सही केली.

आदल्या बुधवारी शेजारच्या गावातून दोघे भाऊ आले. त्यांच्या वडिलांचा तेरावा रविवारीच होता.

“रविवारी माझा पेपर हाय,” दीपमाला घरात म्हणाली.

“ठाव हाय की,” आण्णासाहेब म्हणाले. “पण पेपर दरवर्षी येतो, बाई. त्या माणसाचा तेरावा परत येणार हाय का?”

“लातूरला जाऊन तरी काय करणार? चित्रच काढणार ना?” आई सिताबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. “इथं काढ की. आन् मेलेल्यांनी अजून तुला नावं न्हाईत ठेवली.”

सगळे हसले. दीपमालाही हसली, असं सिताबाई सांगतात.

त्या म्हाताऱ्याला एकच डोळा होता. भावांचं म्हणणं, जन्मभर एका डोळ्यानं बघितलं, आता तरी दोन द्या. तिनं चांगला डोळा उलटा गिरवून दुसऱ्या बाजूला बसवला. रविवारी लातूरची सकाळची एसटी गेली तेव्हा ती कपाळावरचं गंध भरत होती. दहा वाजता भाऊ आले, फोटो पाहून रडले, तिच्या पाया पडू लागले. आण्णासाहेबांनी ते चारचौघांत कितीदा तरी सांगितलं.

जुलैमध्ये तिच्याच वर्गातल्या शिवांजलीला प्रवेश मिळाला. सोमलिंग सर दुकानात आले आणि आण्णासाहेबांशी अर्धा तास बोलले. त्यानंतर आण्णासाहेबांनी फोटोंची कामं कमी घेतली नाहीत, पण ‘आता बघून काढ’ म्हणत काचेची पेटी माळ्यावर ठेवली.

“तिला चित्रं काढायची हौस, म्हून म्या दुकान दिलं,” ते म्हणतात. “ह्याच्याम्होरं बापानं काय करावं? सर म्हनले, तिथं जितं माणूस समोर बसवून काढाय शिकवत्यात. ते मला कुणी सांगितलंच न्हाय.”

दीपमाला म्हणते, सांगितलं होतं. दोनदा.

तिचं काम आता लवकर होतं. पूर्वी एका चेहऱ्याला चार दिवस लागत, आता दीड दिवस पुरतो. माणूस कुठलाही असो, हनुवटी आणि ओठ सारखेच येतात, हे तिच्या लक्षात आलं आहे. लोकांनी अजून तक्रार केलेली नाही. एसटी स्टँडवरच्या माणसांची वही तिनं पावसाळ्यानंतर उघडलेली नाही. “ह्यातल्या एकालाही मी बघितलेलं नाही,” भिंतीला टेकवलेल्या तयार फ्रेमांकडे हात करून ती म्हणते.

यंदाच्या परीक्षेचा अर्ज तिनं भरलेला नाही. वडील नको म्हणतील म्हणून?

“न्हाय. विचारलं की व्हयच म्हणतील,” ती म्हणते. “मागंबी व्हयच म्हणले होते.”

अर्जाची मुदत उद्या संपते. उद्या पौर्णिमा, येडेश्वरीला गर्दी असते, म्हणून दुकान नेहमीपेक्षा तासभर आधी, साडेपाचला उघडेल.