कुंदामावशींची नजर

कुंदामावशींकडे साडी घेऊन गेलं की त्या तुम्हाला आत घ्यायच्या आणि साडीला बाहेर काढायच्या. वेम्बलीच्या त्यांच्या फ्रंट रूममध्ये फॉल-पिको आणि ब्लाउजचं मॅचिंग चालायचं. जानेवारीची कडाक्याची थंडी असो, पायांत नुसत्या सपाता, तशाच त्या दारात जाऊन पदर उजेडात धरायच्या. "रंग सांगू नकोस गं, कापड दाखव," हे ठरलेलं वाक्य. दिव्याखाली मॅचिंग करणाऱ्यांबद्दल त्या जे बोलायच्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी पेशाने ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारी. तरी मरून आणि वाइन यांतला फरक मला आजतागायत कळलेला नाही. "तुझे गं मेलीचे डोळे कोण तपासतं?" असं मावशी चारचौघींत विचारायच्या. मी चिडायचे, आणि पुढच्या रविवारी परत त्यांच्याकडेच चहाला.

गेल्या हिवाळ्यात त्या साडी उजेडात धरून जरा जास्तच वेळ उभ्या राहायला लागल्या. "ढग आलेत," म्हणायच्या. लंडनमध्ये ढग कधी नसतात? मीही हो म्हणायचे.

मग स्नेहाचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न ठरलं. हिरवा चुडा आणायला मावशी स्वतः ईलिंग रोडच्या बाजारात गेल्या. दुकानदाराला हात लावू दिला नाही, निवड त्यांचीच. लग्नाला महिना असताना बायकांना दाखवायला डबा उघडला तर आत तपकिरी बांगड्या. स्नेहा इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "मम्मी, हा बांगड्या ब्राउन आहे." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी अपशकुन म्हणून पुटपुटलंही. मावशी हसल्या, "मेल्याने डबा बदलला वाटतं!" मला शकुनाबिकुनाचं काही नाही, पण मी मावशींच्या डोळ्यांकडेच बघत राहिले.

कारण रंगांधळेपणा बहुतेक वेळा जन्मजात असतो. तो आईकडून येतो, मुलांमध्ये दिसतो, मुलींमध्ये क्वचित. ज्याचा लाल-हिरव्यात घोळ होतो त्याचा तो लहानपणापासून होतो आणि जन्मभर तेवढाच राहतो. पण जिने आयुष्यभर पोपटी आणि शेवाळी लांबून ओळखले, तिला साठीनंतर हिरवं तपकिरी दिसायला लागलं, तर डोळ्यामागच्या नसेला काहीतरी होतंय.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना आमच्या चष्म्याच्या दुकानात आणून खुर्चीत बसवलं आणि ठिपक्यांचं पुस्तक काढलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्यात वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी काढलेला आकडा. ज्याला रंग नीट दिसतात त्याला आकडा दिसतो, नाहीतर नुसते ठिपके. एक डोळा झाकून मावशी धडाधड आकडे सांगत सुटल्या. एकही चूक नाही! माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली. मावशींनी आकडा सांगितला तो मधल्या पानाचा, मी न दाखवलेल्या.

मी पुस्तक मागून उघडलं. "हा कुठला?" मावशींनी पुस्तक डोळ्यांशी धरलं. पुढचं पान. आकडा नाहीच.

"मावशी, हे पाठ कुठे केलंत?"

"हॉस्पिटलात. दर वेळी हेच पुस्तक असतं. दिसत होतं तेव्हाच तोंडपाठ झालं."

मानेतल्या गाठींचा टीबी झाला होता त्यांना, आणि स्नेहालासुद्धा ठाऊक नव्हतं. चालू असलेल्या औषधांतली एक गोळी क्वचित कुणाच्या डोळ्यांच्या नसेला बाधते. लाल-हिरवं ओळखू न येणं ही तिची सुरुवातीची खूण, म्हणून तर हॉस्पिटलात ती ठिपक्यांची तपासणी. तेव्हाच गोळी थांबवली तर नजर बहुधा परत येते. नर्सने हे सगळं त्यांना नीट सांगितलं होतं.

"मग बोलला का नाहीत?" मी ओरडलेच.

"औषध बदललं की लांबतं गं. परत फेऱ्या, परत रक्त. स्नेहाला कळेल, मग तिच्या सासरी कळेल. टीबी म्हटलं की लोक कप वेगळा ठेवतात. लग्न होऊ दे, मग बघू."

"अहो, पण ते लग्न बघायला डोळे नकोत का?"

"तेवढं बघीन की," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून रुमाल काढून उगाच चष्मा पुसत बसल्या.

मी तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. ती गोळी त्याच दिवशी बंद झाली. पण खूप उशीर झालाय, बंद केल्यावरही नजर काही आठवडे उतरत राहू शकते, असं डॉक्टरांनी बजावलं. स्नेहाला सांगायचं नाही म्हणून मावशींनी मला गळ्याची शपथ घातली. फार राग आला मला त्यांचा, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

लग्नात मावशी नवी रेशमी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला आवाजावरून ओळखून नावाने हाक मारत होत्या, कुणाला शंकासुद्धा आली नाही. मी त्यांच्या शेजारून हलले नाही. रिसेप्शन आटोपलं, गाडी दाराशी लागली. गाऊनवर शाल घेतलेली स्नेहा पाया पडायला आली. तिला इतकं भरून आलं होतं की तोंडातून शब्द फुटेना. मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, चेहऱ्याकडे निरखून बघितलं, आणि परक्या घरच्या पोरीकडे बघून हसतात तशा हसल्या.

"कोण गं तू? जेवलीस ना नीट? आमची स्नेहा निघतेय आता, तिला भेटून जा हं."