उभ्या दगडांचं गाव आणि यानची चावी

भाऊ, भरोसा कोणावर ठेवावा? लगेच "हो" म्हणणाऱ्यावर, का "नाही" म्हणत रोज कॉफी पाजणाऱ्यावर? मालेगावात बी-बियाणं विकता विकता असे किस्से काउंटरवर आपोआप साचतात. पण हे साचले पार फ्रान्सात, ब्रिटनीच्या समुद्राकाठी, माझ्या पोरीच्या गावात.

गाव आपल्या किन्हीराजापेक्षा लहान. वावरावावरांत माणसाहून उंच दगड उभे. कोणी रोवले, काहून रोवले, कोणालेच ठाऊक नाही! त्या दगडांलगत यान नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा रिकामा गोठा. तिथं खानावळ टाकायची म्हणून आमची वैशाली नोकरी सोडून बसलेली. अन् यान रोज कॉफी पाजे, पण गोठ्याची चावी मागितली की म्हणे, "बाहेरचे लोक टिकत नाहीत."

*

मी अन् बायको पोरीले भेटायला गेलो. पहिल्याच सकाळी समुद्र पाहायला निघालो, तर समुद्रच नाही! नावा चिखलात आडव्या.

"अवं, गेला कुठं?"

"ओहोटी हाय, दुपारून येते, बाबा," वैशाली म्हणाली.

मालकच असा दुकान उघडं टाकून गेला, तर गिऱ्हाईकानं काय करावं?

*

एक दिवस ऊन निघालं. आमच्या मंडळीनं एका आडव्या दगडावर लुगडं अंथरून पापड वाळत घातले. तेवढ्यात टुरिस्टांची बस थांबली. गाइड हळू आवाजात समजावू लागला, लोक फोटो काढू लागले.

"काय म्हणून राह्यला तो?" मी विचारलं.

वैशाली म्हणाली, "म्हणते, जुना विधी अजून चालू हाय!"

यानने मात्र एक ओला पापड उचलला अन् सरळ तोंडात टाकला.

*

कॅफेत यान सांगत होता, हे दगड नाताळच्या रात्री चालत समुद्रावर पाणी प्यायला जातात.

मी म्हटलं, "त्यात काय! आमच्याकडं धुऱ्याचा, म्हणजे वावराच्या बांधावरचा, दगड दरवर्षी पेरणीआधी शेजाऱ्याच्या वावरात चालत जाते!"

वैशालीनं ते फ्रेंचमध्ये सांगितलं, अन् सारे शेतकरी टेबल बडवून हसले. शेजारी सगळीकडं सारखाच!

यानही हसला. चावी मात्र दिली नाही.

*

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी यान घरी आला. वैशालीच्याच तोंडून मला विचारलं, "ही पोरगी दोन हिवाळ्यांत पळून गेली तं?"

मी दुकानदार माणूस. मालाची तारीफच करायची. पण तोंडातून भलतंच निघालं: "त्याले सांग, दोन वर्षांसाठी म्हणून मालेगावातून गेली, ते परतलीच नाही. तिची माय अजून तिची खोली झाडते. ही पोरगी जिथं बसते, तिथून उठत नाही."

वैशाली यानकडं वळली. मग दोनच शब्द बोलली. यानने खिशातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली.

"काय सांगितलं व तू त्याले?"

"तुमीच तं सांगितलं, बाबा: 'उठत नाही.'"

आता तुम्हीच मांडा भाऊ, यात माझा नफा किती अन् तोटा किती. पण हिशोब इमानदारीनं ठेवा.