वाकडी सुरई

ओल्या मातीचा वास आला की हर्सूलची ती खोली आठवते. माझी मुलगी अकरावीत होती आणि नैराश्यात होती. चाळीस दिवसांत ती घरात एक पूर्ण वाक्य बोलली नव्हती. मी मोजत होतो. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर शनिवारचा मातीकामाचा वर्ग सांगितला होता. तिसऱ्या शनिवारी मी तिला आणायला गेलो तेव्हा ती हात धुवायला गेली होती, आणि तिची ओली सुरई पाटावर होती. मान बोटभर डावीकडं कललेली. मला राहवलं नाही, मी अंगठ्यानं ती सरळ केली. वळून पाहतो तर मुलगी दारात. आता ही पुन्हा इथं पाय ठेवणार नाही, असं मला वाटलं. "कशाला हात लावला, पप्पा? मला ती तशीच पाहिजे होती," ती मोठ्यानं म्हणाली. मी म्हणालो, "चुकलं." शिकवणाऱ्या बाईंनी मला दार दाखवलं, "काका, बाहेर बसा. तिला अजून अर्धा तास लागंल." मी पायरीवर बसलो. खिडकीतून दिसत होतं, ती रागानं सुरईची मान परत वाकवत होती. आज माझी पन्नाशी उलटली, पण कुणी माझ्यावर रागावलं म्हणून इतकं हायसं मला पुन्हा कधी वाटलेलं नाही.