ओढ गं बाई, ओढ!

बाळंतिणीला कुठे जायचं नसतं, म्हणून किस्सेच तिच्याकडे चालत येतात. माझ्याकडे तर इतके आले, की मैत्रिणी जमल्या की आजही म्हणतात, "सांग ना, ते कॅम्प पाचचं!"

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये आमच्या दोन खोल्या. पहिली मुलगी, एवढीशी. दुधाने छाती दगड झालेली, पण तिला ओढताच येईना. ती रडे, मी रडे.

*

नर्सिंग होममधल्या सिस्टरने विचारलं-बिचारलं नाही. गाऊनची बटणं काढली आणि धरून सरळ मुलीच्या तोंडात कोंबलं. मी किंचाळलेच, "अहो सिस्टर, माझं आहे ते!"

"आता तुमचं नाही, हिचं!" म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

*

आमचे हे अंबरनाथला केमिकल कंपनीत ऑफिसर. एका संध्याकाळी कागद घेऊन आले. शतावरी, अळीव, मेथीचे लाडू... अकरा उपाय, नंबर घालून, चक्क टाइप केलेले!

"हे कोणी सांगितलं?"

"लंचला विषय काढला होता. मॅनेजरसाहेब पण विचारत होते, आज कसं आहे?"

मी चादर डोक्यावरून ओढली.

*

जांभूळ गावची भाजीवाली हिराबाई डबा घेऊन आली. "मुशीचा कालवण हाय. खा पोरी, मंग बघ दूद!" मुशी म्हणजे मासा! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. ती गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "सासूबाई यायच्या आत टाकून या."

अर्ध्या तासाने आले. डबा धुतलेला.

"टाकलं?"

"छे! चांगलं झालं होतं."

लग्नाला दोन वर्षं झाली होती!

*

दहाव्या दिवशी मुलीचं वजन आणखी उतरलं. डॉक्टरांनी तिला पुन्हा काट्यावर ठेवून पाहिलं. घरी सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "ह्याच्या आधी मला एक मुलगी झाली होती. तिलाही ओढता यायचं नाही."

ह्यांनाही हे माहीत नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या मोहिनीभाभी आल्या. सिंधी, कडेवर दहा महिन्यांचा गलेलठ्ठ मुलगा. मला बघून म्हणाल्या, "अरे, रस्ता बंद है! इसको दे." आणि स्वतःचा मुलगा माझ्या छातीला लावला! मी हादरले. त्याने असं काही ओढलं, की डोळ्यांपुढे तारे चमकले. पण दूध वाहायला लागलं. भाभींनी लगेच त्याला उचललं, तिथे माझी मुलगी लावली. तिने पहिल्यांदा घट्ट धरलं. घटाघट आवाज यायला लागला!

तेवढ्यात दारात सासूबाई. सोवळं नेसलेल्या! मी चादर शोधायला लागले.

त्यांनी दार लावून घेतलं. भाभींच्या हातातून तो मुलगा घेतला, माझ्या दुसऱ्या बाजूला आणला आणि म्हणाल्या, "इकडचं पण मोकळं कर रे, राजा."